रत्नव्वांचा सिंधुदुर्ग

१

शुक्रवारी सकाळी मी चहा बशीत ओतत होतो आणि समोरच्या घरातून किंकाळी आली. माझा हात हलला, चहा लुंगीवर सांडला. मी बायकोला हाक मारेपर्यंत ती चपला घालून रस्ता ओलांडून पलीकडे पोहोचलीसुद्धा होती.

माझ्या बायकोला अख्खी गल्ली आक्का म्हणते. ती पोलिसात हवालदार होती. निवृत्त होऊन वर्षं झाली, पण कुठं आवाज झाला की तिचे पाय आधी निघतात. मी सयाजी, साखर कारखान्यातून निवृत्त झालेला साधा कारकून. माझे पाय आधी चपला शोधतात.

समोर रत्नव्वा राहतात. वय ऐंशीच्या घरात, माहेर-सासर दोन्ही कुरुंदवाडचं, नवरा बसवेश जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा मृत्युंजय, सून सुष्मिता आणि नात शांभवी, एवढंच घर. मी पोहोचलो तेव्हा रत्नव्वा ओल्या केसांनी, अंगाभोवती शाल गच्च आवळून पलंगावर बसल्या होत्या आणि सून कपाळावर हात मारत होती. किंकाळी तिचीच होती.

"लिंग गेलं हो आक्का! आत्तींच्या गळ्यातलं लिंग गेलं!"

हे घर लिंगायतांचं. रत्नव्वांच्या गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग लग्नाच्याही आधीपासून. रोज आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा, आणि मगच तोंडात पाण्याचा घोट. ते अंगावर नसेल तर रत्नव्वा पाणी पिणार नाहीत आणि उंबराही ओलांडणार नाहीत, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

आणि रविवारी आम्ही सगळे मालवणला निघालो होतो. एका दिवसात जाऊन यायचं, सिंधुदुर्ग बघायचा, समुद्रात पाय बुडवायचे. शांभवी दिवाळीच्या आधीपासून या सहलीची आखणी करत होती. मीही मनातल्या मनात सुरमईची आखणी केली होती. या शाकाहारी मंडळींची नजर चुकवून खानावळ कशी गाठायची, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

"रात्री झोपताना होतं का?" आक्कानं विचारलं.

"होतं की," रत्नव्वा खाली बघत म्हणाल्या. "दोरा जुना झालता. तुटून अंथरुणात पडलं असंल."

"अंथरूण कुणी काढलं?"

सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराच्या दाराकडं वळल्या. तिथं हातात केरसुणी घेऊन बायडाबाई उभी होती.

२

बायडाबाई या गल्लीत चार घरची कामं करते. गडमुडशिंगीहून पहिल्या बसनं कोल्हापुरात येते. तिनं अंथरूण घडी केलं होतं, खोली झाडली होती, बाल्कनीतल्या कुंड्याही निपटून काढल्या होत्या. एवढं सगळं झाल्यावर लिंग नसल्याचं लक्षात आलं.

"अंथरूण मी झाडून घडी केली. काय पडलं न्हाय त्यातनं," ती म्हणाली.

मृत्युंजयनं काय करावं? त्यानं सरळ तिची पिशवी उचलली आणि फरशीवर उपडी केली. भाकरीचा डबा, पानाची चंची, नातवाला घेतलेला प्लास्टिकचा भोवरा. भोवरा गडगडत माझ्या पायाशी आला. मला त्या क्षणी लाज वाटली, पण मी काही बोललो नाही. आक्का बोलली.

"मृत्युंजय, कुणाच्या परवानगीनं?"

"चांदीची डबी हाय आक्का. आणि अव्वा पाण्यावाचून बसणार. तुमीच सांगा, घरात दुसरं कोण आलतं?"

बायडाबाईनं एकेक वस्तू उचलून पिशवीत भरली. रडली नाही. आमच्या दाराशी दगडी कट्टा आहे, त्याच्यावर जाऊन बसली.

"आक्का, माझं नाव साफ झाल्याबिगर मी हितनं उठणार न्हाय. शेजारच्या वैनींनी आत्ताच सांगितलं, उद्यापास्नं येऊ नगंस म्हून. दिस उतरायच्या आत चारी घरं जातील माझी."

आक्कानं तिला चहा दिला आणि मला बाजूला घेतलं. मी माझं मत आधीच तयार ठेवलं होतं.

"मृत्युंजयच," मी म्हणालो. "कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत त्याचा कारखाना. रविवारी माल निघायचाय म्हणून परवाच पोरीवर खेकसत होता. सहल मोडायला याहून सोपा उपाय कुठला? वर दुसऱ्यावर ढकलायची घाई कुणाला झाली, बघितलीस ना?"

"तो येत न्हाय म्हणाला असता, तर गाडी त्याच्याबिगर बी गेली असती," आक्का म्हणाली. "त्यासाठी आईला उपाशी मारील व्हय?"

माझा दुसरा संशयितही तयार होताच.

३

सुष्मिता. तिला मालवण नको होतं, गोवा हवा होता. सासूला धरून होडीत चढवायचं, उतरवायचं, त्यापेक्षा घरी बसलेलं बरं, असं ती गेल्या आठवड्यात भाजीवाल्याच्या गाडीपाशी बोलली होती. मी कोथिंबीर निवडत होतो, कान उघडे होते.

आक्कानं तिला विचारलं तेव्हा तिनं लपवलं नाही.

"म्हणाले की मी तसं. पण रात्री कडी मीच आतून घातलेली, सकाळी बायडाबाईला मीच दार उघडलं. बायडाबाई सोडली तर माझ्याशिवाय आत्तींच्या खोलीत कोण गेलं नाही, म्हणजे बोट माझ्याकडंच येतंय. ते मलाही कळतंय आक्का."

"मग बायडाबाईवर आळ घेताना गप का बसलीस?"

सुष्मिताचा चेहरा उतरला. "गप बसले, कारण माझ्यावर येत नव्हता."

खरं बोलली, पण माझा संशय त्यानं कमी झाला नाही. खरं बोलून खोटं लपवणारे मी कारखान्यात पुष्कळ बघितलेत.

शांभवी अंगणात दिवाळीच्या किल्ल्यापाशी बसली होती. पोरगी कॉलेजात शिकते, तरी दरवर्षी किल्ला करते, आणि दरवर्षी एकच, सिंधुदुर्ग. भोवती निळा प्लास्टिकचा कागद म्हणजे समुद्र, त्यात मातीचा उंच डोंगर, डोंगरावर तटबंदी, आणि पायथ्यापासून दरवाजापर्यंत वळणावळणाच्या पायऱ्या. उतारावर मोहरी उगवून हिरवीगार झाली होती. टोकाला पुठ्ठ्याची पाटी होती, 'सिंधुदुर्ग'.

"आज्जी आणि आजोबा लग्नानंतर एकदा गेलते," ती मला म्हणाली. जणू मला माहीतच नव्हतं. गल्लीत प्रत्येकानं ते वर्णन रत्नव्वांच्या तोंडून ऐकलेलं. धाप लागेपर्यंत पायऱ्या, बसवेशांनी खालून तांब्या भरून नेलेला, वर भणाण वारा, आणि कडेला उभं राहिलं की लांबवर समुद्राची निळी रेघ. "आजोबा मला आठवत पण नाहीत. पण हा किल्ला त्यांचा आहे, असंच वाटतं मला. म्हणून तर आज्जीला घेऊन जायचं होतं. तिथं उभं करून विचारायचं होतं, आजोबा नेमके कुठं बसले होते."

"गुरुवारी रात्री काय झालं?" आक्कानं विचारलं.

"काहीच नाही. सहलीचं सगळं सांगितलं तिला. कुठल्या घाटानं जायचं, होडी कुठून सुटते, जेवण कुठं. मग मोबाइलवर किल्ल्याचा व्हिडिओ दाखवला. मी म्हटलं, आज्जी, यात तुझ्या पायऱ्या दिसत नाहीत. ती म्हणाली, मागच्या बाजूला असतील. मग झोप आली म्हणाली."

"किल्ला म्हटलं की पायऱ्या आल्याच," मी म्हणालो. पन्हाळा घ्या, विशाळगड घ्या, सगळीकडं चढच. मला त्यात नवल वाटलं नाही.

आक्का मात्र त्या मातीच्या डोंगराकडं टक लावून बघत राहिली. मग वाकून तिनं निळ्या कागदावर बोट टेकवलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "अहो, तुमी कधी सिंधुदुर्ग बघितलाय?"

"नाही."

"मग गप ऱ्हावा."

४

शनिवार उजाडला. रत्नव्वांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. डॉक्टर येऊन गेले. आज सलाइन लावायलाच हवं म्हणाले, आणि रत्नव्वांनी हात शालीच्या आत ओढून घेतला. मृत्युंजय रात्रभर जागा होता, डोळे तांबडे झाले होते.

"दुपारपर्यंत वाट बघतो," तो म्हणाला. "मग सरळ तक्रार देतो बायडाबाईच्या नावानं. पोलीस बघतील काय ते."

बायडाबाई पुन्हा येऊन कट्ट्यावर बसली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका तिच्याकडं बघून पदर सावरत होत्या. चारही घरं गेली होती, आणि पोलिसात नाव गेलं की पाचवं मिळणार नव्हतं.

मी आक्काला म्हणालो, "अजून किती मुलाखती घेणार? दोघं नवरा-बायको मिळून आहेत यात. माझं ऐक."

तिनं ऐकलं नाही. ती रत्नव्वांच्या खोलीला लागून असलेल्या छोट्या बाल्कनीत गेली. तिथं मोगऱ्याची कुंडी आहे. दाराच्या खिळ्याला बेलाची पिशवी टांगलेली, फुलवाला रोज ती बदलून जातो.

"सुष्मिता, घरात बेल कोण वाहतं?"

"फक्त आत्ती. हे विभूती लावून पळतात कागलला. आणि कालपासून तर पूजाच नाही आक्का, लिंगच नाही तर कशाची पूजा?"

"वाहिलेला बेल कुठं टाकतात?"

"त्या कुंडीत. आत्तींची पद्धतच आहे तशी."

"आणि काल सकाळी बायडाबाईनं कुंड्या साफ केल्या. त्यानंतर ती आत आलेली न्हाय."

आक्कानं कुंडीत दोन बोटं घातली आणि एक पान वर काढलं. तीन दळांचं, हिरवंगार, ओलं. मधल्या दळावर विभूतीचा पांढरा ठसा होता.

सुष्मिता त्या पानाकडं बघत राहिली. मला कळायला थोडा वेळ लागला, कबूल करतो. आज सकाळी या घरात कुणीतरी लिंगाची पूजा केली होती.

आक्कानं पान पदराच्या टोकात बांधलं. "कुणाला काय बोलू नगंस," ती सुष्मिताला म्हणाली. मग खोलीत शिरून तिनं मला खूण केली. मी आत आलो आणि दार लोटून घेतलं.

५

दुपार व्हायला आली होती, नोव्हेंबर असला तरी उकडत होतं. माझ्या पाठीला घाम होता. रत्नव्वा शाल लपेटून भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या.

आक्का पलंगाच्या कडेला बसली. तिनं पदराची गाठ सोडून ते पान रत्नव्वांच्या उशाशी ठेवलं.

"अव्वा, एवढ्या उकाड्यात शाल कशाला?"

रत्नव्वांनी शाल आणखी आवळली.

"तुमी ते अंगावेगळं करणार न्हाई, हे मला म्हाईत हाय. आणि सुनेला, पोराला दिसाय नगं. मग राहतोय तो दंड. डावा का उजवा?"

रत्नव्वा हळूच उठून बसल्या. शालीच्या आतून त्यांचा उजवा हात डाव्या दंडाकडं गेला आणि तिथंच थांबला. दोन दिवस मी ज्यांच्यावर संशय घेतला होता, ते सगळे माझ्या डोळ्यांपुढून गेले.

"पूजा केलीसा, मग पाणी का न्हाई प्यालासा?" आक्कानं विचारलं. तिचा आवाज आता पोलिसाचा नव्हता.

"खोटं बोलले, त्याची शिक्षा नगं व्हय?"

"कुठलं खोटं? कालचं का जुनं?"

रत्नव्वांनी दचकून वर पाहिलं.

"मी मालवणला बंदोबस्ताला गेलते अव्वा. सिंधुदुर्ग सपाट हाय. होडीतनं उतरलं की दोन पावलांवर दार. धाप लागायला चढच न्हाई. समुद्र तटाला धडका मारतोय, लांब रेघ कुठनं दिसंल? आपल्या कोल्हापूरच्या माणसाला किल्ला म्हटलं की डोंगूर दिसतोय, म्हून आजवर कुणी हटकलं न्हाई. गुरुवारी पोरीनं व्हिडिओ दाखवला, आणि तुमी घाबरलासा."

रत्नव्वांनी उशाजवळचं ते पान उचलून मुठीत धरलं. मग त्या बोलायला लागल्या तेव्हा मधेच कानडी, मधेच मराठी येत होतं. लग्न नवं होतं. बसवेशांनी हौसेनं मालवणला न्यायचं ठरवलं. एकत्र कुटुंब, सासू हसली, जावा हसल्या, नवराबायकोनं असं हिंडायला जातंय का कुणी म्हणून. तरी दोघं एसटीत बसली. वाटेत, घाटाच्या अलीकडं गगनबावड्यात एसटी बंद पडली आणि दुसरी आलीच नाही.

"मी रडाय लागले. तर ह्येंनी तांब्या भरून घेतला आणि म्हणाले, चल. गगनगडावर नेलं मला. पायऱ्या चढून चढून धाप लागली. वर कडेला उभं केलं आणि म्हणाले, ती निळी रेघ दिसतीया न्हवं? तोच समुद्र समज. तिथंच बसून दशम्या खाल्ल्या. माघारी आल्यावर सासूनं विचारलं, काय, बघितला का सिंधुदुर्ग? तर ह्येंनी छाती काढून सांगितलं, बघितला की. मग मी बी तेच सांगत गेले. ते गेल्यावर तर जास्तच."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"आक्का, पोरीकडं आजाचं दुसरं काय न्हाई गं. तेवढा एक किल्ला हाय. तिथं जाऊन बघंल आणि म्हणंल, आजा खोटारडा हुता, आज्जी बी खोटारडी. मला समुद्र नगं. तिला सांगू नगंस. लिंग सापडलं म्हून सांग, पलंगामागं पडलतं म्हून सांग."

मला खरंच वाटलं, सांगावं तसंच. काय बिघडणार होतं? मी आक्काकडं बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"सांगितलं असतं अव्वा," ती म्हणाली. "पण कट्ट्यावर बायडाबाई बसलीया. पलंगामागं सापडलं म्हटलं, तर लोक म्हणतील, भ्याली आणि परत टाकलं. तिचं काय करू?"

तेवढ्यात बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मृत्युंजय तक्रार द्यायला निघाला होता.

६

रत्नव्वांना मी इतक्या झपाट्यानं उठताना कधी पाहिलं नव्हतं. दोन दिवसांची उपाशी बाई भिंत धरत, दार ढकलत सरळ अंगणात आली. आम्ही दोघं मागं धावलो. सुष्मिता, शांभवी बाहेर आल्या. शेजारणींनी खिडक्या उघडल्या.

"मृत्युंजय, गाडी बंद कर!"

त्यांनी शाल अंगावरून काढून टाकली. ब्लाउजच्या बाहीखाली दंडाला बांधलेली चांदीची डबी उन्हात चमकली.

"कुणी चोरलं न्हाई. मीच लपवलं. बायडा, ऐकलंस का? मीच लपवलं. तू झाडलेल्या अंथरुणात काय नव्हतं, तू खरं बोललीस."

मृत्युंजय गाडीचं दार उघडं टाकून तसाच उभा राहिला. त्याची मान खाली गेली होती. बायडाबाई कट्ट्यावरून उठली, रस्ता ओलांडून आली आणि रत्नव्वांच्या पुढ्यात उभी राहिली. मला वाटलं, आता ही तोंड सोडणार. हक्कच होता तिचा.

ती मृत्युंजयकडं वळली. तिनं आपली पिशवी त्याच्या हातात दिली.

"उपडी केलीसा न्हवं? आता भरा. दशम्या घाला, चटणी घाला, लाडू घाला. आणि उद्या मालवणला मला बी घ्या. पुढच्या शिटावर. खिडकीपाशी."

"व्हय," मृत्युंजय म्हणाला. त्यानं पिशवी दोन्ही हातांत धरली. "चुकलं माझं, मावशी."

आता राहिली शांभवी. रत्नव्वांनी तिच्याकडं न बघता सगळं सांगितलं. एसटी, गगनबावडा, पायऱ्या, तांब्या, निळी रेघ, आणि सासूपुढं मारलेली थाप. पोरगी ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती किल्ल्यापाशी गेली आणि खाली वाकली. आता ही पायऱ्या मोडणार म्हणून मी हात पुढं केला.

तिनं पुठ्ठ्याची पाटी उपटली. डोंगराभोवतीचा निळा प्लास्टिकचा कागद ओढून काढला. तो घडी करून अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन अंथरला, लांब, बारीक पट्टी करून. मग पाटीच्या मागच्या बाजूला पेननं काहीतरी लिहिलं आणि ती परत टोकाला खोचली. मी पुढं होऊन वाचलं. 'गगनगड'.

"आज्जी, किल्ला बरोबरच आहे की," ती म्हणाली. "पाटी तेवढी चुकली होती."

रत्नव्वांनी तोंडावर पदर घेतला. सुष्मिता पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्यांनी तो तिथंच, अंगणात बसून, रिकामा केला.

रविवारी आम्ही निघालो. बायडाबाई पुढच्या सीटवर, खिडकीपाशी, भरलेली पिशवी मांडीवर. वाटेत ती सगळ्यांशी बोलली, माझ्याशीही, पण रत्नव्वांशी एक अक्षर बोलली नाही. त्याही काही म्हणाल्या नाहीत. गल्लीतल्या दोन बायकांनी सकाळीच येऊन तिला सोमवारपासून ये म्हणून सांगितलं होतं. तिनं अजून हो म्हटलं नव्हतं.

गगनबावड्यात शांभवीनं गाडी थांबवायला लावली. रत्नव्वांना आता गड चढवणार नव्हता, म्हणून घाटाच्या तोंडाशी, कठड्यापाशी त्यांना उतरवलं. खाली सगळं कोकण धुक्यात बुडालं होतं. झाडं दिसत नव्हती, रस्ता दिसत नव्हता.

रत्नव्वांनी गळ्यातली डबी मुठीत धरली आणि पश्चिमेकडं तोंड करून डोळे बारीक केले.

"दिसतीया का गं कुणाला?" त्यांनी विचारलं. "निळी रेघ?"

मृत्युंजयनं चष्मा पुसला. सुष्मितानं शांभवीकडं बघितलं. डोळ्यांपुढं पांढऱ्या धुक्याशिवाय काही नव्हतं, आणि या घरात आणखी एक थाप मारायची कुणाची हिंमत होत नव्हती.

गाडीचं पुढचं दार वाजलं. बायडाबाई उतरली, पदर खोचत आली आणि रत्नव्वांच्या शेजारी कठड्याला टेकून उभी राहिली. तिनं कपाळावर आडवा हात धरून बराच वेळ त्या धुक्यात बघितलं.

"व्हय की अव्वा," ती म्हणाली. "ती बघा, दिसतीया."